शेवटच्या नळीपर्यंत

डॉ. वत्सला गांगुर्डे यांना मी प्रथम भेटले ती नाशिकच्या त्यांच्या प्रयोगशाळेत, नोकरीच्या मुलाखतीला. "रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी राहतं, त्यात काय काय असतं?" त्यांनी विचारले. प्रतिपिंडांपासून सुरुवात करून मी यादी म्हणून दाखवली. "यादी बरोबर आहे. पण रक्त कोणाचं, हे आधी विचारायचं."

फॉर्मवर रुग्णाचा व्यवसाय लिहिल्याशिवाय मॅडम नमुना घेऊ देत नाहीत. मला तो नियम वेळखाऊ वाटे.

दुसऱ्या वर्षी कळवणकडच्या एका शेतकऱ्याचे रक्त आले. दीड महिना ताप, सांधे दुखत होते. जनावरांपासून माणसाला होणाऱ्या ब्रुसेला तापाची चाचणी करायची होती. तिच्यात रक्तातले ते पाणी, म्हणजे सीरम, क्रमाने पातळ करत नळ्यांची ओळ लावतात आणि प्रत्येक नळीत ब्रुसेलाचे मृत जंतू मिसळतात. प्रतिपिंडे असली की जंतूंच्या गुठळ्या दिसतात. पहिल्या तीन नळ्यांत गुठळ्या नव्हत्या. पुढच्या मी लावल्याच नव्हत्या. 'निगेटिव्ह' असे डॉक्टरांना फोनवर कळवूनही टाकले. ते क्षयाची औषधे सुरू करणार होते.

रिपोर्टवर सही करण्यापूर्वी मॅडमनी फॉर्मवरचा 'दूधधंदा' हा शब्द वाचला आणि रुग्णालाच फोन लावला.

"गोठ्यात एवढ्यात गाय गाभडली का, भाऊ?"

"दोन गाभडल्या. मीच हात घातला व्हता. पण मॅडम, ताप मला हाय, गायीला नाय."

ब्रुसेलाने गायीचा गर्भ पडतो, आणि तो हाताळणाऱ्याला किंवा तिचे कच्चे दूध पिणाऱ्याला जंतू लागतात.

मग त्यांनी डॉक्टरांना सांगितले, "चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे. दोन दिवस थांबा."

"चूक माझी आहे, मॅडम. मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"बाहेर ती प्रयोगशाळेची. आत तुझी. आता ओळ पूर्ण लाव."

प्रतिपिंडे फार झाली की प्रत्येक जंतू सुटा वेढला जातो आणि गुठळी जमत नाही; सीरम पातळ केल्यावर ती दिसते. इथे ती पाचव्या नळीपासून दिसली. योग्य औषधे सुरू झाली. बरे झाल्यावर ते गृहस्थ चीक घेऊन आले. "गायी तपासून घेतल्या ना?" हे विचारल्याशिवाय मॅडमनी बरणीला हात लावला नाही.

कौतुक करणे मला जमत नाही. त्या दिवसापासून मी एकही ओळ अर्धी सोडलेली नाही, एवढे खात्रीने लिहू शकते. मॅडम साठ वर्षे पूर्ण करत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि सहीपूर्वी फॉर्म वाचणारी त्यांची नजर आमच्या कामावर अजून पुष्कळ वर्षे राहो.