तापलेल्या टायरची हवा

आमची जुनी गाडी अमरावतीच्या घरी आली तेव्हा टायरमधली हवा पाहायची यजमानांची रीत म्हणजे चाकाला बुटानं एक लाथ. लाथ मारायची आणि म्हणायचं, “ठीक आहे.” पुढच्या दोन्ही टायरच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या, तेव्हा मी हवा मोजायचा गेज मागवला आणि हे काम माझ्याकडे घेतलं. सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी, पदर खोचून अंगणात बसायचं. गेज लावायचा, चोवीस पौंडांपेक्षा कमी दिसली की पायपंप मारायचा. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. बघू देत.

एकदा ऐन मे महिन्यात आम्ही अकोल्याला माझ्या माहेरी निघालो. यजमान गाडी चालवत होते, शेजारी धाकटे दीर, मागे मी आणि सासूबाई. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. दिरांनी सहज गेज घेऊन चाकाला लावला आणि ओरडलेच, “वहिनी, अठ्ठावीस दावून राहिला! टायर फुटन. चार पौंड काढून टाकतो.”

“काढू नका, भाऊजी. टायर तापलाय म्हणून हवा फुगली आहे. आता काढली तर गार झाल्यावर कमी पडेल.”

“अन् फुटला म्हंजे?”

“एवढ्यानं नाही फुटत.” मी व्हॉल्व्हवर हात ठेवला. रबर चटका देत होतं, पण हात काढला नाही.

यजमान चहाचा कप घेऊन नुसते उभे. शेवटी सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “जिनं भरली तिले समजते न, बापा. चाल, बस गाडीत.”

दीर बसले. पण अकोला येईपर्यंत रस्त्यात खडखड झाली की मागे वळून माझ्याकडे बघायचे. मला भीती वाटत नव्हती. उलट त्या वाऱ्यात छान डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर दीर माहेरच्या अंगणात चाकाशी उकिडवे बसलेले. चारही टायर त्यांचे मोजून झाले होते.

“चोवीसच हाय,” ते म्हणाले. मग गेज माझ्या हातात देत, “वहिनी, मले बी असा गेज मागवून द्या न. मोटारसायकलले लागते.”

“देते की. पण सकाळीच मोजायची.”

“हो न,” म्हणत ते हात धुवायला गेले.