शेड कुठं बांधायची?

रोल-प्ले सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती. प्रतीक्षा बाक सरकवून उठली आणि वर्गाबाहेर निघून गेली.

रोल-प्ले म्हणजे नाटकच, फक्त संवाद पाठ न केलेलं. मी नगरच्या एका समाजकार्य महाविद्यालयात 'संघर्ष परिवर्तन आणि शांतता' हा पेपर शिकवते. एखादं भांडण घ्यायचं, मुलांना बाजू वाटून द्यायच्या आणि बोलायला लावायचं. त्या दिवशीचा विषय सोनालीनं सुचवला होता : गावात एसटीची शेड कुठं बांधायची? ती गावठाणातला पुढारी झाली होती. हात उडवून म्हणाली, "वस्तीवर शेड बांधली तर उद्या हे तिथं आपलीच पाटी लावतील. मग आमी काय बाहेरून आलोय का?"

वर्ग हसला. प्रतीक्षा तेवढी उठली.

ती मला जिन्यात सापडली.

"काय झालं गं?"

"मॅडम, ती ॲक्टिंग नव्हती. हे वाक्य तिच्या चुलत्यांचं आहे. भर ग्रामसभेत माझ्या वडिलांना ऐकवलेलं."

दोघी पारनेर तालुक्यातल्या एकाच गावच्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. वर्गात त्या दोन टोकांना बसायच्या, त्याचं कारणही.

गाव असं : मध्ये गावठाण आणि चौक, ओढा ओलांडला की बौद्ध वस्ती. एसटी चौकापर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. शेड मंजूर झाली तेव्हा वस्तीनं ती ओढ्यापलीकडे मागितली. गावठाणानं चौक सोडणार नाही म्हणून सांगितलं. शब्दानं शब्द वाढला. एका सकाळी कुणीतरी रस्त्यात दगड रचले, आणि आगारानं गाडी गावात पाठवणंच बंद केलं. आता सगळ्यांनाच फाट्यापर्यंत चालावं लागत होतं, माळावरच्या निर्मनुष्य रस्त्यानं. वस्तीतल्या दोन मुलींचं कॉलेज सुटलं होतं. प्रतीक्षाचे वडीलही घरी बस म्हणायला लागले होते.

मी प्राचार्यांकडे गेले. या गावात फील्डवर्क घ्यायचंय म्हणाले.

"मॅडम, आपण भांडणाचा अभ्यास शिकवतो. सोडवायला पोलीस आहेत, तहसीलदार आहेत."

"सोडवायला जात नाही सर. ऐकायला जाते."

"आणि तुमच्या ऐकण्यानं भडकलं तर?"

प्रश्न रास्त होता. आमच्या विषयात पहिला नियमच तो असतो : तुमच्या जाण्यानं नुकसान वाढता कामा नये. जखम बघायची म्हणून खपली काढायची नाही. म्हणून दोन्हीकडून 'या' असा निरोप आल्याशिवाय मी गेले नाही. गावठाणातून होकार दिला सोनालीच्या चुलत्यांनी, बापूंनी. ते माजी सरपंच. वस्तीतून प्रतीक्षाच्या आईनं, छायाताईंनी.

सुरुवातीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकायच्या असतात. समोरासमोर बसवलं की माणसं आधीचंच भाषण पुन्हा करतात.

बापू म्हणाले, "म्हातारी माणसं वढा वलांडून कशी जातील? शेड चौकातच पायजे."

छायाताई म्हणाल्या, "दर वक्ताला आमीच का जायाचं त्यांच्या दारात?"

दोन्ही खरं होतं. पण आम्ही मुलांना शिकवतो की माणूस काय मागतो आणि का मागतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मागणी म्हणायचं, दुसरीला गरज. मागणी लगेच ऐकू येते. गरज बऱ्याचदा पोटातच राहते. आणि इथं काहीतरी राहत होतं. वस्तीपासून चौक काही लांब नव्हता. तेवढ्या चालण्यासाठी कुणी गावाशी वैर घेत नाही.

"शेड तिकडंच का हवी, छायाताई?"

त्यांनी प्रतीक्षाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरींना लांब पडतं."

मी पुढं विचारलं नाही. त्याऐवजी मुलींबरोबर रस्ता चालायचं ठरवलं. ही आमच्या कामातली साधी पद्धत आहे. गावाबद्दल विचारण्यापेक्षा गावातून लोकांबरोबर चालावं. पाय जास्त खरं बोलतात.

रविवारी सकाळी वस्तीवरून चौकाकडं निघालो. दोन्हीकडच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली आल्या होत्या. अर्थातच दोन घोळके. वस्तीकडच्या मागं, गावठाणातल्या पुढं, मध्ये मी. ओढा ओलांडला. बडबड चालली होती, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं होतं. चौकाआधी एक पानटपरी आहे, तिच्यासमोर सिमेंटचा कट्टा. तिथं आलो आणि गाणं बंद झालं. पुढच्या मुलींनी ओढण्या सारख्या केल्या, रस्त्याची दुसरी कड धरली आणि पाय उचलले. मागच्या मुलींनीही नेमकं तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

कट्ट्यावर त्या वेळी कोणीही नव्हतं.

टपरी मागं पडल्यावर सोनाली थांबली. मागं वळून प्रतीक्षाला म्हणाली, "तुमी पण?"

"मग? आमच्यासाठी काय येगळा रस्ता हाय?"

सोनाली म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला फक्त चौकाचा राग हाय."

हे त्या दोघींचं त्या वर्षातलं पहिलं थेट बोलणं. मग बाकीच्याही बोलल्या. टोमणे, गाणी, मोबाईलवर चोरून काढलेले व्हिडिओ. घरच्या पुरुषांना कुणीच सांगितलं नव्हतं.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात ठरली. मुलींना मी सांगितलं, कुणावर बोलायची सक्ती नाही. नावं न घेता मी मांडीन. सोनालीनं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही बोललात तर म्हणतील, बाहेरच्या बाईनं पोरी फितवल्या. प्रतीक्षा बोलली तर वस्तीनं आरोप केला म्हणतील. मीच बोलते."

"घरी काय होईल, विचार केलास?"

"केलाय."

बैठकीत आधी नेहमीचंच झालं. चौक, ओढा, पाटी, दगड. मी एकच विचारलं, "शेड झाल्यावर रोज सकाळी तिथं उभं कोण राहणार?"

"पोरीच जास्त," बापू म्हणाले.

"त्यांना विचारलंय?"

सोनाली उभी राहिली. तिनं कट्ट्याचं सगळं सांगितलं.

"आपल्या पोरींना पण?" बापूंचा विश्वास बसेना. "कोण असतं तिथं?"

"आपला रोहित पण असतो, बापू."

रोहित त्यांचा सख्खा पुतण्या, सोनालीचा चुलतभाऊ. मग छायाताई बोलल्या, शांतपणे.

"आमी हे कधी बोल्लो न्हाई. बोल्लो असतो तर आदी आमच्याच पोरींचं कालेज बंद झालं असतं. म्हणून शेड वस्तीवर मागितली, म्हंजी कट्ट्यावरनं जायाला नको."

बापू उठताना एवढंच म्हणाले, "शेडचं नंतर बघू. आदी गाडी आणू."

दोन्हीकडच्या बाया एका जीपमधून आगारात गेल्या. रस्ता अडणार नाही, आमची जबाबदारी; गाडी तेवढी वस्तीवरूनही फिरवा, म्हणाल्या. गाडी सुरू झाली. आता ती आधी ओढा ओलांडून वस्तीवर वळते आणि मग चौकात येते. म्हाताऱ्यांना चौक मिळाला, वस्तीच्या मुली दारात चढू लागल्या. कट्टा बापूंनी स्वतः उभं राहून फोडला. रोहितला ते काय बोलले, ते गावाला माहीत नाही.

सगळंच गोड झालं नाही. सोनालीला घरच्यांनी कॉलेजला पाठवणं बंद केलं. घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून. मी बापूंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. शेवटी छायाताई गावठाणात सोनालीच्या आईकडे गेल्या. त्या दोघी काय बोलल्या, मला कळलं नाही. सोमवारी सोनाली वर्गात होती.

प्राचार्यांनी विचारलं, "मग, मिटलं का?"

"नाही सर. बदललं."

मिटणं आणि बदलणं यांतला फरक हाच आमचा विषय. बापू अजून वस्तीत चहा घेत नाहीत. रोहितचं घर सोनालीशी बोलत नाही. पण कॉलेज सुटलेल्या दोघींपैकी एकीनं पुन्हा प्रवेश घेतला. दुसरीचं लग्न होऊन गेलं होतं.

शेडचा निर्णय पुढं ढकलता ढकलता निधीची मुदत संपली आणि शेड दुसऱ्या गावाला गेली. ज्या शेडपायी अख्खं गाव वर्षभर भांडलं, ती झालीच नाही, आणि याबद्दल माझ्याकडं आजवर कुणी तक्रार केलेली नाही. म्हणून मी आता मुलांना पहिल्याच तासाला सांगते : लोक ज्यावरून भांडतात आणि ज्यासाठी भांडतात, त्या दोन गोष्टी एकाच जागी सापडतील असं धरून चालू नका.