शंख वाजला की याकोपो रडायचा

तेलेसियाला स्वस्थ बसता येत नाही हे तिच्या लग्नातच सगळ्यांना कळलं. पाहुण्यांची भाषणं चालू होती आणि नवरीबाई उठून ताटं उचलायला लागली. तोमासी, माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा सासरा, मला कानात म्हणाला, "ताई, सूनबाईच्या पायाला भिंगरी आहे."

"बरंच झालं," मी म्हटलं. "बसून राहणारे तुझ्या घरात पुष्कळ आहेत."

तोमासी आमच्या घराण्याचा मताई. घराच्या वतीने बोलायचं त्याने, ठरवायचं त्याने. बायको वारल्यापासून तो जरा जास्तच ठरवायला लागला होता. तेलेसिया आली ती समुद्रापलीकडच्या सावाई बेटावरून. चालायची तर अशी की बरोबरच्याला धावावं लागे. कपडे धुता धुता फोनवर नवऱ्याशी भांडायची, भांडता भांडता डुकरांना खाणं घालायची. नवरा सेमिसी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला. हंगाम संपल्याशिवाय तो येणार नव्हता.

तो नसतानाच याकोपो झाला. चांगला गुटगुटीत. पण थोड्याच दिवसांत दूध ओकायला लागला. प्यायला की गुळणी, हसला की गुळणी, कुणी कौतुकाने वर उचललं की त्याच्या गळ्यावर गुळणी. ज्याच्या चर्चच्या पांढऱ्या कपड्यांवर डाग नाही असं घरात कुणी उरलं नाही. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते संध्याकाळच्या रडण्याचं.

संध्याकाळी शंख वाजला की आमचं गाव थांबतं. प्रत्येक जण आपापल्या घरात चटईवर मांडी घालून बसतो, मान खाली, प्रार्थना सुरू. पहाऱ्यावरची माणसं तेवढी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात. दुसरा शंख होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे याकोपो रडायचा तो एका घरात नाही, सगळ्या गावात. अंग ताठ करून, पाठ मागे वाकवून, लालबुंद होऊन किंचाळायचा. तोमासीचा आवाज चढायचा, याकोपोचा त्याच्यावर चढायचा. दुसऱ्या दिवशी नळावर बायका विचारायच्या, "काल प्रार्थना कुणी सांगितली, आजोबांनी की नातवाने?"

एक म्हणाली, आईचं दूध पातळ आहे. दुसरी म्हणाली, तिने कुणाचं तरी मन दुखावलंय. तिसरी पोट चोळून द्यायला आली, नेमकी दूध पाजल्यावर, आणि भिजून गेली.

मग राजधानीतून वाओइता आली. तोमासीची थोरली मुलगी, तेलेसियाची नणंद. आपियात तिचं भिंतींचं घर, पंखा, चांगला नवरा, आणि मूल नाही. आमच्याकडे मूल भावाकडून बहिणीकडे जाणं नवीन नाही. मी स्वतः चुलतीकडे वाढले आणि माझं काही बिघडलं नाही. पण माझ्या आईने मला आपण होऊन दिलं होतं.

वाओइताने बाळाला आपियाहून उतरती उशी आणली होती, डोकं वर राहील अशी. तेलेसियाकडे बघून म्हणाली, "किती वाळलीस गं! मी नेते याकोपोला. तू झोप जरा."

"किती दिवस, वन्सं?"

वाओइता हसली. "अगं, तो माझाही आहेच की."

हे उत्तर नव्हतं, हे तेलेसियाला कळलं. तिने तोमासीकडे पाहिलं. तो म्हणाला, "रविवारी जेवणानंतर बोलू." तो रविवारी बोलतो म्हणजे त्याचं ठरलेलं असतं.

त्या संध्याकाळी शंख वाजला, याकोपो किंचाळला आणि तेलेसिया त्याला घेऊन उठली. मताई प्रार्थना सांगतोय आणि सून उभी! उभी काय, सरळ रस्त्यावर. झपाझपा चालते आहे, पोराला उडवते आहे. पहाऱ्यावर फाइवा होता, दांडगा माणूस, आवाज मात्र बारीक. तो कुजबुजला, "वहिनी, घरात जा. गावाचा दंड बसेल."

"बसू दे. याला गप्प कर आणि मग दंड माग."

"मी? माझी स्वतःची तीन ऐकत नाहीत."

ती चालतच राहिली. घरी आली तेव्हा वाओइता बाळाचे कपडे घडी करून एका पिशवीत ठेवत होती.

सकाळी तेलेसिया माझ्याकडे आली, नेहमीसारखी पायरीवरूनच बोलत. "आत्या, तुम्ही सांगा ना मामंजींना. बहिणीचा शब्द ते मोडत नाहीत."

"काय सांगू? पोरगं रडतं ते खरंच आहे. आजारी असेल तर? आधी दवाखान्यात दाखव."

ती पहिल्याच बसने गेली, आणि मीही गेले, कारण नर्स काय म्हणाली ते तिच्या तोंडून धड आलं नसतं. नर्सने वजन केलं. भरपूर वाढलं होतं. ओकारी हिरवी असते का? रक्त? खाली नीट होतं का? सगळं ठीक होतं. नर्स म्हणाली, "बाळाच्या पोटाचं झाकण अजून ढिलं आहे. बसायला लागलं की कमी होईल, वर्षभरात बहुधा जाईल. हा कपडे धुवायचा त्रास आहे, आजार नाही. हिरवं आलं किंवा वजन थांबलं तर मात्र लगेच या. सगळ्यात जास्त केव्हा रडतो?"

"प्रार्थनेत."

"शेवटचं दूध?"

"शंखाच्या आधी. पोटभर पाजते, पुन्हा थोडं पाजते, म्हणजे गप्प राहील. मग चटईवर आडवा ठेवते. मांडीवर मूल घेऊन मान कशी खाली घालणार?"

नर्सने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. गावातल्या सगळ्याच आया हेच करतात. इतरांच्या मुलांना चालतं.

"लवकर पाज, थोडं थोडं पाज," नर्स म्हणाली. "मध्ये थांबून ढेकर काढ. मग अर्धा तास खांद्याशी उभं धर, आणि उडवू नकोस. चालू नकोस. स्वस्थ बस. झोपवताना उशीबिशी काही नको, सपाट जागा, पाठीवर."

"स्वस्थ बसू?" तेलेसियाने असं विचारलं की जणू पाय कापायला सांगितलेत.

शनिवारी ती बसली. मी समोरच होते. शंखाच्या बऱ्याच आधी पाजलं, ढेकर काढला, याकोपोला खांद्याशी उभं धरलं आणि मान खाली घातली. तिचा गुडघा सारखा उडत होता. तो तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला. याकोपोने कुरकुर केली, थोडं दूध तिच्या पाठीवर सोडलं, दोनदा आळोखेपिळोखे दिले. किंचाळला नाही. तोमासीची प्रार्थना त्या दिवशी लांबली; मला वाटतं, तो वाट बघत होता.

एका संध्याकाळने काय होतं! वाओइताची पिशवी खांबाशी तशीच होती.

रविवारी चर्चनंतर जेवण झालं. अळकुड्या, मासे, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. तेलेसियाने मागच्या बाजूला बसून याकोपोला पाजलं आणि ती आत आली. वाओइताने हात पुढे केले.

"आत्ता नाही, वन्सं. दूध खाली बसू दे."

सुनेने थोरल्या नणंदेला मूल नाकारायचं?

"बघितलंत, बाबा?" वाओइता म्हणाली.

तोमासी म्हणाला, "केव्हा देशील?"

"बसलं की."

आणि मताईसकट सगळं घर एका पोराचं दूध बसायची वाट बघत राहिलं. वाओइताने हात मांडीत घेतले, पुन्हा पुढे केले, पुन्हा घेतले. अखेर तेलेसियाने स्वतः उठून बाळ तिच्या खांद्याशी लावलं. "असं. हलवू नका." याकोपो वाओइताच्या मानेत तोंड खुपसून झोपला. वाओइताचा चेहरा इतका सुखावला की मला बघवेना.

"बघा," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडेही राहतो की."

तोमासीने घसा खाकरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेलेसियाच बोलली. "वन्सं, तुम्ही रडणारं मूल न्यायला आला होतात. ते आता नाहीये. हे माझं आहे."

तोमासी म्हणाला, "याकोपो इथेच राहील." त्याचं रविवारचं इतकं छोटं भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बस आली. वाओइता खिडकीशी बसली, मांडीवर ती उतरती उशी घेऊन. तेलेसिया बाळाला घेऊन खाली उभी. बस सुरू झाल्यावर वाओइताने मान बाहेर काढली. "ए, पुढच्या महिन्यात येते! कुठल्या खांद्याशी धरायचं म्हणालीस?"

"कुठल्याही!" तेलेसिया ओरडली. "पण जुना झगा घालून या!"