कोऱ्या पानांची डमी

माझी आत्या बावीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवते. तिथे पुस्तक बांधण्याआधी जाडी बघायला एक डमी करतात. कव्हर खरं, आतली पानं कोरी. काम झालं की ती फाडून टाकायची, घरी न्यायची नाही, हा मालकांचा कडक नियम. कोरा कागद फाडणं आत्याच्या जिवावर यायचं.

अशीच एक डमी तिने गुपचूप घरी आणली आणि तिच्यात गोष्ट लिहिली. चौदा वर्षांची मुलगी पाण्याच्या टाकीवर चढते आणि उतरायचं नाव घेत नाही. मी तेव्हा पंधराची. एका बैठकीत वाचून काढली. किशोरवयीनांसाठी पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांना एक पुरस्कार असतो, हस्तलिखितही चालतं, अशी सूचना शाळेत लागली होती. मी अतिशहाणी. आत्याला न विचारता डमी पाठवली, पत्ता कारखान्याचा दिला. कव्हरवर एका निवृत्त न्यायाधीशांचं नाव होतं, हे डोक्यातच आलं नाही. त्यांच्या आठवणींचं पुस्तक तेव्हा बांधायला आलं होतं.

दोन महिन्यांनी कारखान्यात न्यायाधीशांच्या नावाने पुरस्काराचं पत्र आलं. मालकांनी इमानेइतबारे ते त्यांच्या घरी पोचवलं.

चार दिवसांनी न्यायाधीश स्वतः आले. वय एक्क्याऐंशी. मी आत्याचा डबा घेऊन गेले होते. आपलं पहिलंच पुस्तक अंतिम फेरीत गेलं, असं त्यांनी मालकांना सांगितलं. मग स्टुलावर बसले आणि आवाज खाली आला.

"टाकीवरच्या मुलीने परीक्षकांना रडवलं म्हणे. अशी मुलगी मी लिहिल्याचं आठवतच नाही. घरी बोललो नाही अजून. माझं डोकं जायला लागलंय का हो?"

आत्या दोन महिने ती डमी घरभर शोधत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली होती की घाबरली होती, मला आजही सांगता येत नाही. गप्प राहावं तर म्हातारा स्वतःला वेडा समजणार. बोलावं तर मालक समोरच उभे, नोकरी जाणार.

तिने सुई खाली ठेवली.

"साहेब, तुमचं डोकं शाबूत आहे. ती मुलगी माझी आहे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढचा अर्धा तास सगळे समजावत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. कोण कुठल्या टाकीवर चढलं, हेच मालक विचारत राहिले. न्यायाधीशांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी पत्रावरचं स्वतःचं नाव खोडलं आणि आत्याला पूर्ण नाव विचारलं.

आत्याने मालकांकडे पाहिलं. "नाव कशाला? कामावरून काढताय का?"

"कव्हरवर घालायला," न्यायाधीश म्हणाले.

आत्याने आधी आडनाव सांगितलं, मग नाव, आणि मग पुन्हा आडनाव.