प्रभामावशी आधी पाय बघतात

दाराची बेल वाजली की समिधा भिंगाला डोळा लावून बाहेरच्याचा चेहरा बघायची. समोरच्या फ्लॅटमधल्या प्रभामावशींना हे मुळीच पसंत नव्हतं. "तोंड काय बघतीस गं? तोंड तर मानूस घरून पुसून येतो," त्या म्हणायच्या. बेल वाजली की त्या आतूनच हाळी देत, "दो कदम पीछे!" समोरचा अरब असला तर हेच अरबीत. माणूस मागे सरकला की भिंगातून तो डोक्यापासून नखापर्यंत दिसे. मग मावशी आधी पाय बघत आणि दार उघडायचं की नाही ते तिथंच ठरवत.

कुवेतमधल्या मंगफच्या त्या सहा मजली बिल्डिंगीत सकाळी नऊ ते बारा ही फेरीवाल्यांची वेळ. पुरुष सगळे साइटवर किंवा ऑफिसात, आणि घरात बायका नाहीतर गावाहून आलेली म्हातारी माणसं. खाली हारिस, म्हणजे रखवालदार, बसलेला असे खरा, पण इमारतीची राखण करण्यापेक्षा मोबाइलची राखण करण्यात त्याचा जास्त वेळ जाई. त्यामुळे अत्तरवाले येत, गालिचेवाले येत, तुमच्या नंबराला बक्षीस लागलंय सांगणारे येत. समिधा लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. नको म्हणायला जिभेला जड. पहिल्या सहा महिन्यांत तिने तीन अत्तरं, एक भाजी चिरायचं यंत्र आणि एक न उघडणारी छत्री घेतली होती. मंगफमध्ये छत्री! नवरा अभिनव अजून हसतो.

मावशींचा वकूब तिला कळला तो गॅसवाल्याच्या वेळी. निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. सिलिंडरची नळी तपासायची आहे, आजच बदलली नाही तर कनेक्शन तोडू, असं तो हिंदीत सांगत होता. घाबरून समिधाने साखळीला हात घातला होता, तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "भैया, सुबह से कितने सिलेंडर देखे?" तो म्हणाला, चाळीस. मावशींनी त्याच्या बुटांकडे बोट केलं. काळे चकचकीत, टाचेवर एक ओरखडा नाही. "चाळीस घरांच्या गॅलऱ्यांमधली धूळ कुठं गेली रे बाबा?" हे त्या मराठीतच म्हणाल्या, पण त्याला बरोबर कळलं. लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने उतरला. समिधाने तोंडात बोट घातलं. तिने त्या माणसाचं ओळखपत्र दोनदा वाचलं होतं, आणि बुटांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ही नजर काही उगाच आलेली नाही. प्रभा वाघमारे नांदेडला नर्सिंग शिकल्या आणि पंचविशीत कुवेतला आल्या. मधुमेहाच्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीत त्यांची नेमणूक झाली आणि त्या तिथेच सव्वीस वर्षं राहिल्या. बाकीच्या नर्सा वॉर्ड बदलून घेत, कारण त्या खोलीत दिवसभर एकच काम. समोरच्या माणसाचा पाय मांडीवर घ्यायचा, जखम धुवायची, पट्टी बांधायची. शेखांचे पाय, ड्रायव्हरांचे पाय, मोलकरणींचे पाय. "मला कोनाचं तोंड ध्यानात राहत न्हाई, पाय राहतो," असं त्या अगदी सहज सांगत. मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान विश्वासराव तेलाच्या कंपनीत टेक्निशियन, त्यांच्या कराराची दोन वर्षं बाकी, म्हणून मावशी अजून इथेच.

नोव्हेंबरात समिधाचे सासरे देवगडहून आले. अण्णांना वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. माणूस बोलका. गावात पारावर बसून अख्खी पंचायत चालवणारा. इथे वरच्या मजल्यावर मल्याळी, खालच्या मजल्यावर इजिप्तचे मिसरी, सून पुणेरी आणि मुलगा दिवसभर साइटवर. बोलायचं कोणाशी? मावशी रोज विचारपूस करायला येत. अण्णा त्यांच्याशी अदबीने वागत, पण मन मोकळं करीत नसत. त्या गेल्या की म्हणत, "बाई चांगली आसा, पण घाटावरची." यावर औषध नव्हतं. कोकणी माणसाच्या मनात घाट एकदा उभा राहिला की तो कुवेतमध्येही सपाट होत नाही.

आणि एका गुरुवारी समिधा बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, ब्रेड-कोथिंबीर घेऊन वर आली, तर सोफ्यावर एक अनोळखी माणूस चहा पीत बसलेला. चहा अण्णांनी स्वतः केला होता. जन्मात पहिल्यांदा.

त्याचं नाव प्रीतम. कणकवलीकडचा, पस्तिशीचा. त्याने दाराबाहेरून मालवणीत विचारलं होतं, "घरात कोण आसा काय ओ?" संपलं. अण्णांनी साखळी काढली, कडी काढली, सगळं काढलं. अरबीत कोणी कागद दाखवला असता तर त्यांनी दार किलकिलंही केलं नसतं. पण मालवणी बोलणारा माणूस परका असतो हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. तासभर दोघं माशांवर, भजनांवर आणि तालुक्याच्या राजकारणावर बोलले. निघताना प्रीतमने पिशवीतून हिरवट पुडीचं पाकीट काढलं. साखर मुळापासून जाते म्हणे. पहिलं पाकीट फुकट. "सोमवारी येतंय," म्हणून तो गेला.

समिधाने पाकीट ओट्यावरच्या फडताळात ठेवून दिलं आणि विषय संपला असं समजली. इथे ती चुकली.

सोमवारी सकाळी तिने पाहिलं की अण्णांनी नाश्त्याआधीच पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या केल्यात. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले. फडताळातलं पाकीट अर्धं झालं होतं. तिने हट्टाने त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर चारशे तीस. चार दिवस इन्सुलिन घेतलंच नव्हतं, पेन फ्रिजच्या दारात तसंच पडलेलं. ती रडकुंडीला आली, हात जोडले, अभिनवला फोन लावून दिला. अण्णा ढिम्म. "पयलो आठवडो साखर वर जाताच. पूड इख भायर काढता. प्रीतमान सांगल्यान." सुनेपेक्षा, मुलापेक्षा, देवगडच्या डॉक्टरपेक्षा प्रीतम मोठा झाला होता. समिधाला एकच दिसत होतं, की हे असंच चाललं तर अण्णा तिच्या डोळ्यांदेखत बेशुद्ध पडतील. ती धावत समोर गेली.

मावशी आल्या. अण्णांची नाडी बघितली, श्वास बघितला, उलटी झाली का, पोटात दुखतं का विचारलं. अण्णा तुटक उत्तरं देत राहिले. "शुद्धीत आहेत चांगले," मावशी समिधाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पर अकरापर्यंतच थांबू. तवर इंजेक्शन घेतलं न्हाई तर मी ॲम्ब्युलन्स बोलावनार, मग रागवू दे. त्यो पुडीवाला कवा येनार?" आजच, समिधा म्हणाली. ती मनात म्हणत होती, आता बघा, गॅसवाल्याचं झालं त्याच्या दुप्पट ह्याचं होणार. तिने मोबाइल हातात घेऊन ठेवला. मावशी त्याची सालटी काढतील आणि ती पोलिसांना फोन करेल, एवढं तिचं ठरलं होतं.

साडेदहाला बेल वाजली. "अण्णाऽ, प्रीतम इलोहा!" अण्णा उठू लागले, त्यांना मावशींनी हातानेच बसवलं आणि भिंगाला डोळा लावला. "दोन पावलं मागं हो रे लेकरा."

मग त्या तिथून हलल्याच नाहीत. समिधा वाट बघत होती. दहा-पंधरा सेकंदं गेली असतील. मावशींनी साखळी काढली आणि दार सताड उघडलं.

"आत ये. बस. चप्पल काढू नको."

प्रीतम गोंधळून सोफ्याच्या कडेला टेकला. आता समिधाचं लक्ष गेलं. एका पायात नुसती चप्पल होती आणि दुसऱ्या पायात मोजा घालून वर चप्पल. मावशींनी ना दरडावलं, ना पुडीचं नाव काढलं. त्या अण्णांचं मीटर घेऊन त्याच्यासमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हात दे." सव्वीस वर्षं माणसांनी ज्या आवाजाचं ऐकलं त्या आवाजाचं त्यानेही ऐकलं. मीटरवर आकडा आला पाचशे अठरा.

"तू बी पूड घेतोस?"

"चार महिने," प्रीतम म्हणाला. "दुसऱ्याक देतंय तां आधी मी घेतंय. फसवणारो नाय मी."

"आन गोळ्या?"

"बंद केलंय."

समिधाच्या हातातला मोबाइल खाली आला. ह्या माणसाला तिने सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आणि हा तर स्वतःच्याच पुडीवर विश्वास ठेवून बसलेला! मावशींच्या पुढच्या प्रश्नांवर कळलं, एसी दुरुस्त करायला तो इथे आला, कंपनी बंद पडली, खोलीतल्या कोणीतरी पाकिटं विकायला दिली, आणि हे त्याने अण्णांना सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीत आलं नव्हतं.

मावशींनी त्याचा मोजा कातरीने कापला. पाय उचलून मांडीवर घेतला, जसा हजारो वेळा घेतला असेल तसा. अंगठ्यावर दुकानातली पट्टी होती, ती निघाली आणि खोलीत वास पसरला. अंगठा काळा पडला होता. मावशींनी तळव्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. मग त्यांनी चप्पल उलटी केली. तळाला एक स्क्रू घुसला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याचं टोक आतून वर आलेलं. त्या टोकावर पाय ठेवून हा माणूस मंगफचे जिने चढत होता. किती दिवस, कोण जाणे.

"हे टोचत नव्हतं?" समिधाच्या तोंडून गेलं.

"नाय," प्रीतम जरा अभिमानानेच म्हणाला. "आधी पाय रात्रभर ठणकायचो. पूड घेवक लागलंय आणि दुखणां गेला."

मावशींनी मान वर केली. आवाज चढवला नाही. "दुखनं गेलं न्हाई लेकरा. पाय चाललाय तुझा. पायाला कळंनासं झालंय."

समिधाने हीच पावलं गुरुवारी स्वतःच्या दिवाणखान्यातून जाताना पाहिली होती आणि तिला एक लबाड फेरीवाला दिसला होता. ह्या बाईला बंद दाराआडून, भिंगातून, पंधरा सेकंदांत त्याच्या मोज्याआडचा आजार दिसला. हे कसब आहे की आणखी काही, हे तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की आपण कोणातरी फार मोठ्या माणसाच्या शेजारी राहतो, आणि इतके दिवस तिच्याकडून नुसती विरजणाची वाटी आणत होतो.

अण्णा सोफ्यावरून उठून जवळ आले. वाकून त्यांनी तो अंगठा बघितला, मग तो स्क्रू बघितला. त्यांचे स्वतःचे पायही अनवाणी होते. त्यांनी हळूच आपली बोटं हलवून बघितली, आणि मागे येऊन बसले.

"इंजेक्शन हाड गो," ते म्हणाले.

समिधाने फ्रिजकडे धावच घेतली. मावशींनी डोस बघून दिला, अण्णांनी सदरा वर केला आणि हूं की चूं न करता पोटात सुई घेतली. "आता ह्याला हास्पिटलात नेते, तुम्ही बी संगट चला. तिथं तासाभरानं परत साखर बगू," मावशी म्हणाल्या, आणि अण्णांनी पहिल्यांदाच "होय, प्रभाताई" म्हटलं. घाट तेवढा खाली बसला.

उरला प्रीतम. हॉस्पिटलचं नाव निघताच त्याचा चेहरा उतरला. त्याच्या इथल्या रहिवासाच्या ओळखपत्राची मुदत संपून पाच महिने झाले होते. "माका नको. थंय गेलंय तर धरतले." मावशींनी समजावलं की मी बरोबर येते, तिथले लोक मला ओळखतात, आधी पाय बघतात, कागद मागाहून. तो ऐकेना. पिशवी उचलून दाराकडे बघायला लागला. आज गेला असता तर अंगठ्याबरोबर पायही गमावून बसला असता, आणि पुन्हा कुठे सापडला नसता. सगळं येणाऱ्या मावशींना एवढं एक येत नव्हतं. त्याला त्याच्या बोलीत सांगणं.

अण्णा उठले आणि त्याच्या नि दाराच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"प्रीतम," ते म्हणाले, "तू सांगलंस तां मी आयाकलंय. चार दिस, डोळे मिटून आयाकलंय. आता मी सांगतंय तां तू आयाक. ऊठ."

प्रीतमने त्यांच्याकडे पाहिलं. सोफ्यावर बसल्या बसल्या तो लहान मुलासारखा रडायला लागला. मावशींनी तोवर जखम धुऊन पांढरी स्वच्छ पट्टी बांधली होती, चप्पल कचऱ्यात टाकली होती आणि विश्वासरावांचे जुने सँडल आणले होते. गाडीची किल्ली मावशींच्या कनवटीला होतीच. अण्णांनी हात पुढे केला. प्रीतमने तो धरला, त्या पायावर भार न देता उठला, आणि दोघं एकमेकांच्या आधाराने लिफ्टपर्यंत गेले. समिधा बटण दाबायचंही विसरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.