टाचणवहीतली सही

वागळे इस्टेटमधल्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. आठवडाभर काय शिकवणार, ते शिक्षक टाचणवहीत लिहितात. त्या वह्या दर सोमवारी माझ्या टेबलावर यायच्या. मी लाल पेनाने ‘पाहिले’ लिहून सही ठोकायचे आणि पुन्हा शिक्षण खात्याला पाठवायची माहिती भरत बसायचे. वाचायला वेळ कुणाला होता?

दुसरीच्या बाई मे महिन्याच्या सुट्टीत अचानक वारल्या. जूनमध्ये त्यांचं कपाट रिकामं करताना मी त्यांची वही पहिल्यांदा वाचली. दर आठवड्याच्या टाचणाखाली, वर्गातल्या एका अबोल मुलीबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली होती. आज तिने मान वर करून बघितलं. ‘घर’ वाचलं. पूर्ण वाक्य वाचलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या पानावर होतं, “मोठ्या बाई, ती आता धडा वाचते. एकदा येऊन ऐकाल का? तुम्ही शाबास म्हणालात तर तिला बरं वाटेल. मलाही.”

त्यांचा वर्ग माझ्या केबिनला लागूनच होता.

त्या ओळींखाली माझी सही होती आणि लाल पेनाने, नेहमीसारखंच, ‘पाहिले’.