दिवाळीची मोसंबी

मी आजारी नव्हतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनीही वाचावं, म्हणून आता लिहितोय.

मी निघालो तेव्हा नव्या कंपन्या उघडत होत्या. भोसरीत नुसतं आयटीआय झालेल्या पोराला लगेच काम मिळायचं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर मला एसटीत बसवून द्यायला आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि शेजारचे लिंबाजी नाना आले होते. चौसाळ्याच्या अलीकडं आमचं रान, तिथं आमची आणि नानांची मिळून एक विहीर. चार दिवस पाण्याची पाळी आमची, चार दिवस त्यांची. त्याच विहिरीच्या पाण्याचा कॅन नानांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. "परमुलखाचं पाणी एकदम बाधतंय, बाबू. दोन दिस हेच पी."

कॅन संपला आणि वर्षाच्या आत मला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मोसंबीचा रस घ्या. तेवढं मी घरी कळवलं. महिन्यात मी बरा झालो. पण पुन्हा एसटीडी बूथवर जाऊन बरा झाल्याचं कळवायचा मी कंटाळा केला, आणि तेवढ्यात आण्णांनी ज्वारीच्या रानात मोसंबीची साठ कलमं लावली.

झाडं फळावर यायला पाच वर्षं गेली. तोवर मी पुरता शहरातला झालो होतो. भाकरी जड पडते म्हणून सुटली. सकाळी जॉगिंग, वर ग्लासभर ताजा ज्यूस, चोथा डस्टबिनमध्ये. सोसायटीत कुणीही भेटलं की बोलणं तब्येतीचंच. तो ग्लास भरायला कुठलं रान किती पाणी पितं, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. मला विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

आण्णांचा फोन आला. "बहार कोणता धरू? मिरगाचा धरला तर फळ शिमग्याच्या पुढं येतंय. तुला कवा लागतंय?"

गेवराईकडं मामांची बाग होती, तिथं मी हे शिकलो होतो. मृगाचा बहार धरायचा तर उन्हाळाभर झाडांना पाणी तोडायचं. पाऊस झाला की ती आपोआप फुलतात. विहिरीला धक्का लागत नाही. दिवाळीला फळ हवं असेल तर मात्र ऐन वैशाखात झाडं भिजवावी लागतात.

मला दिवाळीला कंपनीतल्या साहेबांच्या घरी मोसंबीची पेटी न्यायची होती. मी म्हणालो, "दिवाळीलाच लागतील. डॉक्टरांनी परत रस सांगितलाय."

त्या उन्हाळ्यात आमची पाळी झाडांना पुरेना. आण्णा अवघडून नानांकडं गेले. नाना काय म्हणाले, ते आईनं मला नंतर सांगितलं. "घ्या माझीबी पाळी. पोराच्या जिवाम्होरं माझं कडवळ लई मोठं हाय व्हय?" जनावरांसाठी पेरलेलं ते कडवळ वाळलं. वैरण संपली तशी नानांनी दुभती म्हैस बाजारात नेली.

साहेबांच्या घरी तोवर पाकिटातला ज्यूस यायला लागला होता. बाईंनी पेटी माझ्यासमोरच कामवालीकडं सरकवली. तरी पुढची दोन वर्षं मी दिवाळीच सांगितली. तिसऱ्या उन्हाळ्यात आण्णांनी विहिरीला लागून बोअर घेतला. मोसंबी तगली, विहीर कोरडी पडली. दोन्ही घरच्या बायका कळशा घेऊन टँकरच्या मागं धावायला लागल्या. मग बोअरही आटला आणि बागही गेली.

आण्णा आता नाहीत. मागच्या खेपेला नानांकडं गेलो. त्यांनी तांब्या पुढं केला आणि मी सवयीनं पिशवीतली विकतची बाटली काढली. सूनबाई हसून म्हणाली, "कावून भाऊजी, आमचं पाणी चालंना व्हय?" नानाच माझ्या बाजूनं बोलले. "आगं, काविळीतनं उठलेलं पोरगं हाय ते. पी बाबू, तुझंच पी." मी मान खाली घालून बाटलीतलं पाणी प्यालो.

घर म्हटलं की आता मला आमचं दार आठवत नाही. त्या विहिरीचा कठडा आठवतो. गावी गेलो की मी त्या बाजूला जात नाही.

विहिरीचे आटलेले झरे मला परत आणता येणार नाहीत. पण नाना हयात आहेत. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तांब्यातलं पाणी पिऊन, मी आजारी नव्हतो हे सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.